पौर्णिमेची ओहोटी

मिथुन मोकलला मी आजवर तीन वेळा कामावरून काढलं आहे आणि, पहिल्यांदा घेतलं ते धरून, चार वेळा ठेवून घेतलं आहे. आमच्या बायकोचं म्हणणं, यात वेडा कोण ते एकदा ठरवा.

रोह्याहून पूल ओलांडून अष्टमीत आलं की डाव्या हाताला माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. वाढदिवसाचे, निवडीबद्दल अभिनंदनाचे, भावपूर्ण श्रद्धांजलीचे, सगळे फ्लेक्स एकाच मशीनमधून निघतात. मिथुन माझ्याकडे डिझाइन करायचा. हात देवाने दिलेला, पण खोड अशी की ज्याचा वाढदिवस त्याचा चेहरा पाच मिनिटांत चिकटवून द्यायचा आणि चेहऱ्यामागच्या आभाळावर दोन तास बसायचा. बाहेर गिऱ्हाईक बोंबलत असायचं. मी म्हणायचो, "अरे बाबा, आभाळ कुणी बघत नाही, टाक कसलंही." त्यावर तो शांतपणे सांगायचा, "शेठ, हे आभाळ मे महिन्यातलं आहे. साहेबांचा वाढदिवस ऑगस्टात आहे." आता अशा माणसाला काढू नये तर काय करावं?

तो मूळचा पेण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावचा. त्याचे वडील काळुराम मिठागरात कामाला होते. मिथुन आठवीत असताना भादव्यातल्या अमावास्येला, भर दुपारच्या उधाणात, गावाबाहेरचा मोठा बांध फुटला. खारं पाणी आत शिरलं ते पुन्हा पुरतं बाहेर गेलंच नाही. आज तिथे नुसती खारफुटी माजली आहे. मिठागर कुठं होतं ते गावच्या पोरांनाही दाखवता येणार नाही. फोटो म्हणाल तर एकही नाही. लग्नाचा फोटो काढतात, बारशाचा काढतात, मिठागराचा कोण काढणार?

घर सोडून ही माणसं पेणला मिथुनच्या मामाकडे आली. मामांना सगळे दाजी म्हणायचे. त्यांचा गणपतींचा कारखाना होता. काळुराम तिथं माती मळायचे, आणि मिथुन शाळेतून आला की मूर्तींना अंगाचा रंग द्यायचा. डोळे मात्र दाजी स्वतः काढत. त्या कामाला आखणी म्हणतात. आणि दाजींचा एक कडक नियम होता. आखणी झाल्याशिवाय मूर्तीचं तोंड कुणाला दाखवायचं नाही. गिऱ्हाईक आलं की तोंडावर फडकं टाकायचं, मग ते गिऱ्हाईक आमदार का असेना. अर्धवट तोंड एकदा नजरेत बसलं की पुढं कितीही चांगले डोळे काढा, माणसाला ते अर्धवटच दिसतं, असं दाजी म्हणत. बाप-लेक दोघांनीही हा नियम दहा-बारा वर्षं पाळला. पाळला म्हणजे काय, तो त्यांच्या अंगातच मुरला.

पुढं काळुराम धाटावच्या एका कंपनीत हेल्पर म्हणून लागले आणि बिऱ्हाड अष्टमीत आलं. मिथुनची आई तोवर गेली होती. मिथुनचं लग्न झालं. त्याची बायको नूतन, तीही धाटावलाच पॅकिंगला जाते. सकाळची शिफ्ट असली की मी दुकान उघडायच्या आधीच ती बसस्टॉपवर उभी दिसते.

मोबाइलवर बघून बघून मिथुन कॉम्प्युटरवर चित्रं रंगवायला शिकला. चित्रं कुठं कुठं पाठवत राहिला. दोन वर्षांपूर्वी अंधेरीच्या एका स्टुडिओने त्याला कळवलं, की आम्ही ॲनिमेशनचा सिनेमा करतोय, तुम्ही बॅकग्राउंड रंगवाल का? बॅकग्राउंड म्हणजे काय ते त्याने मला समजावलं. सिनेमातली माणसं दुसरे लोक काढणार, ती हलवणार तिसरेच. याने फक्त त्यांच्या मागचं रंगवायचं: घर, रस्ता, झाडं, आभाळ.

"म्हणजे तिथंही तू डोक्यामागचंच करणार," मी म्हटलं.

"हो शेठ. पण तिथं मागचं बघतात."

स्टुडिओने कॉम्प्युटर पाठवला. चित्र काढायची काचेची पाटी पाठवली आणि तिचं पेन पाठवलं. त्याच्या घरी वीज टिकत नाही आणि माझ्याकडे इन्व्हर्टर आहे, म्हणून दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात मी त्याला जागा करून दिली. कॉम्प्युटर त्यांचा, त्याला पेन ड्राइव्ह जोडता येत नव्हता. चित्र थेट त्यांच्याकडे जायचं आणि तिथंच राहायचं. सिनेमा येईपर्यंत काही बाहेर दाखवणार नाही, फोटो काढणार नाही, असं मिथुनने सही करून दिलं होतं.

सिनेमा होता एका मिठागरातल्या मुलीचा. हे कळल्यावर मिथुन तिसऱ्या दिवशी म्हणाला, "शेठ, मी आमचंच मिठागर काढणार. जसंच्या तसं. बाबांना एकदा बघायला मिळेल."

काळुरामांना त्याने सांगितलं, तेव्हा म्हातारा एवढंच बोलला, "काढ. माना येकदा बघायचं हाय."

आता इथं दुसरा कुणी असता तर बापाला शेजारी बसवून म्हणाला असता, बघा, हे असं होतं का? पण हे दोघे पडले दाजींच्या कारखान्यातले. चित्र स्टुडिओकडून मंजूर होऊन सिनेमात लागेपर्यंत मिथुनच्या लेखी त्याची आखणी झालेली नव्हती. तो दाखवणार नाही आणि म्हातारा मागणारही नाही. काळुराम रोज दुपारी जेवून दुकानात यायचे, स्टूल ओढायचे आणि रस्त्याकडे तोंड करून बसायचे, स्क्रीनकडे पाठ करून. मिथुन मागून विचारायचा आणि ते रस्त्याकडे बघत उत्तर द्यायचे.

"बाबा, उघाडी कुठल्या अंगाला होती?" उघाडी म्हणजे बांधातली पाणी आत-बाहेर सोडायची झडप.

"देवलाकडच्या. तिचा दरवाजा सागाचा नाय हां, बाभळीचा व्हता. कालाकुट्ट झालेला."

"मिठाची रास उघाडीजवळ होती?"

"जवल कशी ठेवंल कोन? पाघलंल ना. लांब. वरच्या बांधावर."

असं सलग चार महिने चाललं. मी पुढं फ्लेक्स कापता कापता ऐकायचो. मला वाटतं त्या बाप-लेकांचं उभ्या आयुष्यात एवढं बोलणं झालं नसेल. मी एकदा चेष्टा केली, "काका, मान वळवा की जरा, फुकट आहे." काळुराम हसले. "आखनी हुंदे," म्हणाले. मान वळवली नाही ती नाहीच.

सिनेमातली सगळ्यात मोठी जागा होती पौर्णिमेची. मुलगी संध्याकाळी बांधावर येते, समोर चंद्र उगवतो, आणि गाणं सुरू होतं. त्या एका जागेवरून पुढची तीस-चाळीस चित्रं निघणार होती, त्यामुळे ते पहिलं चित्र मिथुनने पंधरा दिवस रंगवलं. मी ते रोज बघत होतो. मला चित्रातलं काही कळत नाही, मी धंदेवाला माणूस. पण सांगतो, ते बघता बघता माझे दोन फ्लेक्स वाकडे कापले गेले. बांध होता, आत मिठाचे वाफे होते, वर राशी होत्या, आणि बांधाच्या पलीकडे खाडीत सगळा चिखल. ओला, जांभळट, खेकड्यांच्या भोकांचा चिखल, आणि अगदी मधोमध पाण्याची बारीक रेघ. चंद्राचा उजेड त्या चिखलावर पडला होता. चिखल एवढा सुंदर असतो हे मला पन्नाशीनंतर कळलं.

स्टुडिओत काम बघणाऱ्या ऋतुजा मॅडम होत्या. बाई चांगली, उगाच तिच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. चित्र पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीनवर आली आणि म्हणाली, "मिथुनसर, फारच छान. फक्त खाडी रिकामी वाटतेय. पाणी भरून द्या ना. चंद्र पाण्यात दिसायला हवा."

मिथुन म्हणाला, "मॅडम, पौर्णिमेला चंद्र उगवतो तेव्हा ओहोटी असते."

"म्हणजे?"

"पौर्णिमेला भरती दुपारी येते, बारा-एकला. मग मध्यरात्री. संध्याकाळी चंद्र वर येतो तेव्हा खाडी रिकामीच असते. चिखलच असतो."

बाईंनी मन लावून ऐकलं. म्हणाल्या, "हे मला माहीत नव्हतं. पण सर, बघणाऱ्यांनाही माहीत नाही. त्यांना गाणं रिकामं वाटेल." मग म्हणाल्या, "आणि तो बांध चंद्राचा उजेड मधेच कापतोय. तो काढला तर सगळं एकच पाणी दिसेल. छान मोकळं वाटेल."

मिथुनने तीन दिवस काही केलं नाही. नुसता स्क्रीनसमोर बसायचा. काळुराम दुपारी येऊन पाठमोरे बसायचे, प्रश्न येत नाही म्हणून आपणच काहीबाही सांगायचे. कुठल्या वाफ्यातलं मीठ बारीक पडायचं, कुठल्यातलं जाड. मिथुन ऐकायचा आणि हूं म्हणायचा. चौथ्या दिवशी निरोप आला, की तुम्हाला जमत नसेल तर हा भाग आम्ही दुसऱ्याला देतो.

तेव्हा मी तोंड घातलं. घालायला नको होतं, पण माझं तोंड माझ्या ताब्यात कधीच नसतं. मी त्याला चहाला बाहेर नेलं आणि चांगलं झापलं. "दुसऱ्याला दिलं तर तुझं उघाडीचं दार जाईल, बाभळीचं. वाफे जातील, राशी जातील. तो नारळाची झाडं लावून मोकळा होईल. पाणी वाढव, काय जातं तुझं? निदान बाकीचं तरी राहील. तुझं नाव राहील. म्हातारा बघेल तरी." मला खरंच तसं वाटत होतं. आजही कुणी विचारलं तर बहुतेक मी हाच सल्ला देईन, आणि म्हणूनच मला स्वतःचा संताप येतो.

तो आत आला आणि कामाला बसला. कॉम्प्युटरवरचं चित्र एकावर एक ठेवलेल्या काचांसारखं असतं. आभाळाची एक काच, राशींची एक, बांधाची एक. त्याने पाणी रंगवायला दोन तास घेतले. मग बांधाची काच बंद केली. त्याला काही रंगवावं लागत नाही, नुसती एक टिचकी. बांध गेला, कडेच्या राशी पाण्याखाली गेल्या आणि पाणी आतल्या वाफ्यांवरून थेट उरलेल्या राशींच्या पायथ्याला टेकलं. मी मागे उभा होतो. आमच्या पुढ्यात, पाच हातांवर, काळुराम रस्त्याकडे बघत बसले होते आणि कुणा जनूची गोष्ट सांगत होते, जो मीठ वाहता वाहता गायचा.

मग त्याने सगळ्या काचा मिळून एक चित्र केलं आणि पाठवून दिलं. अर्ध्या तासात मंजूर झालं. बाईंनी मेसेजमधून चार फुलं पाठवली.

मी फ्लेक्सवाला आहे. मोबाइलवर काढलेला कसलाही फोटो दहा फूट करून देणं हा माझा रोजचा धंदा आहे. ज्यांची तोंडं त्यांच्या घरचेसुद्धा दहा फूट बघू इच्छिणार नाहीत, अशांची मी छापली. सही मिथुनने केली होती, मी नव्हती केली. पंधरा दिवस ते चिखलाचं चित्र माझ्या दुकानात उघडं होतं, माझा मोबाइल माझ्या खिशात होता, आणि मला ते सुचलं नाही. कुणी माझे हात बांधून ठेवले होते अशातला भाग नाही. सुचलंच नाही.

काम संपलं, कॉम्प्युटर टेम्पोत बसून अंधेरीला गेला. मिथुनने नंतर बाईंना विचारलं, जुनं चित्र मिळेल का, वडिलांना दाखवायला. त्यांनी शोधलं म्हणे. शेवटची चित्रं ठेवून मधली सगळी काढून टाकली होती. पुढच्या सिनेमाला बोलावणार का असंही त्याने विचारलं. तर पुढच्या वेळी बॅकग्राउंड कॉम्प्युटर स्वतःच करणार आहे, आणि तो शिकणार आहे तो या सिनेमातल्या चित्रांवरून, म्हणजे याच्याच. बाईंना वाईट वाटलं, असं मिथुन म्हणाला. त्याच आठवड्यात मी त्याला चौथ्यांदा ठेवून घेतलं. आता तो चेहऱ्यामागे कसलंही आभाळ टाकतो. मी म्हणालो, "अरे, हे पावसाळ्यातलं आहे, लग्न मे महिन्यात आहे." तो म्हणाला, "चालतं शेठ." मला त्याला चौथ्यांदा काढावंसं वाटलं.

यंदा माघात सिनेमा मोबाइलवर आला. मिथुनने आठ दिवस काळुरामांना ते कळू दिलं नाही. शेवटी नूतननेच सासऱ्यांना सांगितलं, आणि काळुराम दुपारी धुतलेला सदरा घालून दुकानात आले. स्टूल घेतलं. आज ते उलटं ठेवलं, तोंड आत करून.

"आखनी झाली ना?" म्हणाले. "दाव आता."

मी शटर अर्धं खाली ओढलं, उजेड पडत होता म्हणून. मिथुनने मोबाइल त्यांच्या हातात दिला. आधीचं सगळं त्यांनी मन लावून बघितलं. उघाडीचं काळं दार आलं तेव्हा मान डोलावली. मग ती पौर्णिमा आली. मुलगी आली, चंद्र वर आला, गाणं सुरू झालं, आणि सगळीकडे पाणीच पाणी, चकचकीत. काळुराम बघत राहिले. गाणं संपल्यावर त्यांनी मिथुनला ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा बघितलं.

"बरोबर काढलंस," ते म्हणाले. "असंच व्हतं."

मिथुनने चमकून वर बघितलं.

"बांध फुटला ना, त्याच्या म्होरच्या पोर्निमेला मी गेलतो. घरात कोनाला बोललो नाय. तुझी आय रडली असती. चांद वर आला नि आत सगलं असंच पानी. बांधाचा पत्ता नाय. उरलेल्या राशी तेवढ्या वर. असंच चकाकत व्हतं." मोबाइल त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. "तुला कसं कललं रे? तू नव्हतास तं."



"नि आदलं?" काळुरामांनी विचारलं. "आदलं नाय काढलंस? बांध व्हता तवाच्या पोर्निमेचं?"

मिथुन उठला आणि अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर गेला. शटरखालून मला दिसत होतं, तो पुलाच्या दिशेने चालत होता, पायात चप्पल नव्हती. सिनेमा पुढं चालूच राहिला आणि संपला. शेवटी काम करणाऱ्यांची नावं आली, तर मोबाइलने ती आपोआप लहान करून कोपऱ्यात ढकलली आणि मोठ्या जागेत कुठल्या तरी दुसऱ्याच सिनेमाची जाहिरात लावली. मिथुनचं नाव त्यात होतं की नाही, मला वाचता आलं नाही.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "काका, काढलं होतं त्याने. आधीचं काढलं होतं. बांधासकट. मी बघितलंय."

काळुरामांनी मोबाइल मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"तुमी बघितलंत?"

"हो."

"कसं व्हतं?"

माणूस आपलं मिठागर कसं होतं ते मला, फ्लेक्सवाल्याला, विचारत होता. मी म्हणालो, "चिखल होता, काका. खाडीत सगळा चिखल. आणि मधे पाण्याची बारीक रेघ."

"व्हय, पोर्निमेला चिखलच," ते घाईने म्हणाले. "नि वरती? राशी किती व्हत्या?"

पंधरा दिवस ते चित्र मी रोज बघितलं होतं. फ्लेक्स वाकडे कापले होते, सगळं झालं होतं. मोजल्या नव्हत्या. काहीतरी सांगायला हवं म्हणून मी म्हणालो, "पाच."

काळुरामांचा चेहरा मिटला. "सात व्हत्या," ते म्हणाले. "म्हंजे तेपन चुकलंच व्हतं."

मी म्हणालो, "काका, मी मोजल्या नाहीत. त्याने सातच काढल्या असणार. चूक माझी आहे." शपथसुद्धा घेतली. ते "बरं, बरं" म्हणाले, जसं आपण दुकानदाराला म्हणतो, आणि मोबाइल माझ्या टेबलावर ठेवून घरी गेले.